करंगळीला बंदी

आमच्या शाळेत करंगळी दाखवायला बंदी होती.

शाळा उघडली त्या पहिल्या सोमवारी प्रिन्सिपल मॅडमनी सगळ्या टीचरना आणि आम्हा दोघी मावश्यांना एका वर्गात बोलावलं. म्हणाल्या, यंदापासून लघवीला जायचं असेल तर मुलांनी करंगळी वर करायची नाही. ते गावठी दिसतं. पालक बघतात, ट्रस्टचे साहेब बघतात. मुलाने उभं राहायचं, हात सरळ ठेवायचे आणि पूर्ण इंग्रजी वाक्य बोलायचं, ‘मे आय गो टू द टॉयलेट, टीचर?’ जो बोलेल तो जाईल.

ज्याला बोलता येणार नाही त्याचं काय, असं कुणीतरी विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही. टीचर लोकांनी माना डोलावल्या, दोघींनी तर लिहूनसुद्धा घेतलं. मी भिंतीला टेकून उभी होते. चार माणसांत मला तोंड उघडता येत नाही. शब्द घशापर्यंत येतो आणि तिथेच बसकण मारतो. शिवाय उत्तर मला माहीत होतं. ज्याला बोलता येणार नाही त्याचं जे काय होईल, ते मलाच पुसायचं होतं.

शाळा मीरा रोडला, सिल्व्हर पार्कच्या बाजूला, एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर होती. दुकानांसाठी काढलेले गाळे आतून फोडून वर्ग केले होते. त्यामुळे वर्गांना दारं नव्हती, शटर होती. सकाळी आम्ही ती वर ढकलायचो, की किराणा मालाचं दुकान उघडल्यासारखी शाळा उघडायची. बाहेर मोठा बोर्ड. त्यावर उगवता सूर्य आणि पदवीची टोपी घातलेली दोन गोरी मुलं. तसल्या रंगाचं एकही मूल आमच्याकडे नव्हतं. आमच्याकडे रत्नागिरी-रायगडकडची होती, मराठवाड्यातून आलेल्यांची होती, गुजराती होती, यूपीची होती. इंग्रजी एकाच्याही घरात नव्हतं. ते शिकायलाच तर त्यांना इथे घातलं होतं. पण शाळेला वाटायचं, मुलांनी ते घरूनच डब्यात घालून आणावं.

आणि टीचर तरी कुठून आणणार? पहिलीच्या टीचर पुस्तकातलं वाचायच्या तोवर इंग्रजी चालायचं. पुस्तक मिटलं की, “सिट प्रॉपर्ली, नहीं तो एक लगाऊंगी.” मुलं हे वाक्य पहिल्या आठवड्यात शिकली. शाळेने खरोखर शिकवलेलं ते पहिलं वाक्य.

मी स्वतः चौथीपर्यंत शिकले. आमच्या गावात शाळाच तेवढी होती, पुढची खाडीपलीकडे. गुरुजी मान खाली घालून पाट्या तपासत बसलेले असायचे. आपण करंगळी वर केली की मान वर न करताच म्हणायचे, “जा.” चार वर्षांत आमच्या वर्गात कुणी जागेवर ओलं केल्याचं मला आठवत नाही. त्या गुरुजींना कुणी ट्रेनिंग दिलं होतं, असंही ऐकलं नाही.

माझं स्टूल पॅसेजमध्ये होतं, बरोबर पहिलीच्या शटरसमोर. बादली, पोछा आणि मी. तिथून मला अख्खा वर्ग दिसायचा. टीचरना फळा दिसायचा, मला मुलं दिसायची. पोराला लागली की ते आधी पाय हलवतं, मग एकदम हलायचं थांबतं. थांबलं की उठायचं आणि बादली उचलायची. जून-जुलैत मी रोज दोनदा-तीनदा उठत होते. मुलं हुशार, त्यांनी वाक्य पाठ केलं. अर्थ कळो न कळो, मंत्रासारखं म्हणायची आणि पळायची. ऑगस्टपर्यंत सगळ्यांना आलं. एक राहिली.

ती चौक गावची होती, उत्तनच्या बाजूच्या कोळीवाड्यातली. तिची आई मीरा रोडच्या बाजारात मासळी विकायला बसायची. सकाळी पोरीला बसने, मग रिक्षाने बरोबर घेऊन यायची, शाळेत सोडायची आणि दुपारी धंदा आटपून घेऊन जायची. गावाजवळ शाळा नव्हत्या असं नाही, पण हिला ही शाळा बाजाराच्या वाटेवर पडत होती आणि बोर्डावरची टोपी आवडली होती. पोरगी सहा वर्षांची, बारीक, केसांना खोबरेल चोपडलेलं, डोळे टपोरे. शाळेत पाय ठेवला की तोंडाला कुलूप. टीचरनी नाव विचारलं तरी बघत राहायची. वाक्य बोलली नाही म्हणून तिला सोडत नव्हते, सोडत नव्हते म्हणून ती ओली व्हायची, आणि ओली व्हायची म्हणून टीचर म्हणायच्या, “शी इज स्लो.” ह्या गोलगोल फिरण्यात कुणाला काही चुकतंय असं वाटत नव्हतं.

स्लो! मी तिला नळावर धुवायला न्यायचे. टीचर वर्गातून ओरडायच्या, “कीप युवर बॅग्ज डाऊन,” तर ही माझ्या हातातला मग काढून खाली ठेवायची आणि हसायची. एकदा मी कोरडी चड्डी आणायला गेले आणि परत आले तर ही माझ्या पोछ्याला भिंतीशी उभं करून, कमरेवर हात ठेवून दम देत होती. “व्हाय यू आर टॉकिंग? सिट प्रॉपर्ली! ओपन युवर बुक!” पोछा ऐकत होता. शेजारच्या बादलीला म्हणाली, “यू आर अ गुड गर्ल.” मी कोपऱ्यात उभी राहून पदर तोंडात कोंबला. टीचरच्या आवाजातला चिरकपणासुद्धा तिने उचलला होता.

हे मी त्या दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आधीच्या वर्षी अशीच एक मुलगी होती, ती गप्प असायची म्हणून तिचा दाखला तिच्या बापाच्या हातात दिला गेला. तिच्या पायात नवे बूट होते. तीही नळावर माझ्याशी बोलायची. दाखला दिला तेव्हा मी ऑफिसच्या बाहेर फरशी पुसत होते आणि एकच फरशी पुन्हा पुन्हा पुसत राहिले. प्रिन्सिपल मॅडमना मी नावं ठेवते, पण त्या दिवशी त्या निदान चुकीचं का होईना, बोलत होत्या. मी तेवढंही केलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी ह्या पोरीच्या आईला बोलावलं. ती टोपली बाहेर ठेवून आत गेली. शटर अर्धं वर होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

“देखिए, बच्ची बोलती नहीं है,” प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. “क्लास खराब होतो. बॅगेलाही वास येतो. शी नीड्स स्पेशल स्कूल.”

“माजी पोर मुकी न्हाय, मॅडम,” आई म्हणाली. “घरान तोंड बंद नसतं तिचा. आजाला पन गप करते.”

“घरात मासळीबद्दल बोलत असेल. इथे इंग्लिश आहे. ख्रिसमसपर्यंत बघू. नाही बोलली तर दाखला देऊन टाकू, मराठीत घाला.”

ती बाहेर आली, टोपली डोक्यावर घेतली, पुन्हा खाली ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाली, “बाय, तू तं बसतेस ना हितं. माज्या पोरीवर जरा नजर ठेव. तिला काढली तं तिचा बाप म्हनेल, बघ, बोल्लो व्हतो ना, आपल्याला इंग्लिश झेपाचा न्हाय.”

मी मान हलवली. मला तेवढंच येतं.

पण सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी नळावर मी पोरीला सांगितलं, “लागली की टीचरकडे बघू नको. माझ्याकडे बघ. बाकाखाली करंगळी दाखव. मी येते.” तिने लगेच करंगळी दाखवली. मी म्हटलं, “आत्ता नाही गं, लागेल तेव्हा.” ती म्हणाली, “आत्ताच लागलीय.”

तेव्हापासून असं चालू झालं. तिची करंगळी बाकाखाली दिसली की मी उठायचे, शटरपाशी जाऊन म्हणायचे, “टीचर, हिचे हात मळलेत, धुवून आणते.” टीचर मान न वळवता म्हणायच्या, “हां, ले जाओ.” दोन दिवसांत बाकीच्या पोरांनीही ते ओळखलं. मंत्र म्हणायचा कंटाळा आलेली चार-पाच जणं मला करंगळ्या दाखवायला लागली. पहिलीच्या वर्गात अचानक सगळ्यांचे हात फार मळायला लागले. टीचरना त्यात नवल वाटलं नाही. ह्या मुलांचे हात मळकेच असणार, अशी त्यांची खात्रीच होती.

फरशी कोरडी राहू लागली आणि नेमकं त्याच वेळी ट्रेनिंग सुरू झालं.

ट्रस्टच्या साहेबांनी कुठूनतरी ट्रेनिंगवाल्या मॅडम आणल्या. ज्या मुलांच्या घरी इंग्रजी नाही त्यांना वर्गात कसं सांभाळायचं, हे त्या टीचरना शिकवणार होत्या. पाच शनिवार. सुती साडी, खांद्याला भली मोठी पिशवी, हिंदी-इंग्रजी मिसळून बोलणं. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या सांगण्यात खोट नव्हती, खोट ऐकणाऱ्यांत होती. मी आणि दुसरी मावशी चहा-बिस्किटं घेऊन आत-बाहेर करायचो, म्हणून मला बरंचसं कानावर पडलं.

पहिल्या शनिवारी त्या म्हणाल्या, मुलाला शब्द येत नसेल तर त्याला हातांनी, चित्रांनी सांगू द्या. वाक्यासाठी अडवू नका. टीचरनी लिहून घेतलं. दुसऱ्या शनिवारी म्हणाल्या, नव्या भाषेत पडलेलं मूल कधीकधी महिनोन् महिने गप्प राहतं. ते ऐकत असतं, साठवत असतं. त्याला मंद समजू नका, बोलायची जबरदस्ती करू नका, कामं सांगा आणि समजतंय का बघा. ह्याला त्यांनी इंग्रजीत नावही सांगितलं, सायलेंट पिरियड. माझ्या हातात ट्रे होता. मी तिथेच थांबले. वाटलं, आता पहिलीच्या टीचर दचकतील, म्हणतील, अरे, ही तर आमच्या वर्गातली! टीचरनी ते वाक्य लिहिलं, खाली लाल पेनने रेघ मारली, मग हिरव्या पेनने दुसरी मारली, आणि म्हणाल्या, “मावशी, मेरे में शक्कर कम.”

तिसऱ्या शनिवारी कार्डं आली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, चकचकीत, प्रत्येकावर एका हाताचं चित्र. पाणी पाहिजे तर असा हात, समजलं नाही तर तसा, आणि लघवीला जायचं तर मूठ वळायची, अंगठा दोन बोटांच्या मधून बाहेर काढायचा आणि मूठ हलवायची. परदेशातल्या शाळांत असंच करतात म्हणे. आठ बायका गोल करून बसल्या आणि गंभीर चेहऱ्यांनी मुठी हलवायला लागल्या. दुसरी मावशी मराठवाड्याची. ती माझ्या कानात म्हणाली, “आमच्याकडं असं कुणाला दाखवलं तर डोकं फुटंल, बाई.” मी ट्रे तोंडासमोर धरला.

जूनमध्ये करंगळी गावठी म्हणून बंद केली आणि डिसेंबरात मूठ बाहेरून मागवली. देवाने प्रत्येक पोराला दोन करंगळ्या जन्मतःच दिल्या आहेत. त्या चकचकीत नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

आणि मग त्यांनी जे केलं ते ह्याच लोकांना सुचू शकतं. ट्रेनिंगवाल्या मॅडमनी कार्डं दिली होती ती न बोलणाऱ्या मुलांसाठी. प्रिन्सिपल मॅडमनी कार्डांची परीक्षा ठेवली. एकेका मुलाला उभं करायचं, कार्ड दाखवायचं, त्याने आधी कार्डाचं नाव इंग्रजीत म्हणायचं, स्पेलिंग सांगायचं आणि मग हात करून दाखवायचा. दहा मार्क. घरी पाठांतराला दिलं. पालकांना चिठ्ठ्या गेल्या. म्हणजे ज्याला बोलता येत नाही त्याने न बोलता सांगायची परवानगी मिळवण्यासाठी आधी बोलून दाखवायचं.

चौकच्या पोरीला दहापैकी शून्य पडलं. ती उभी राहिली, कार्डाकडे बघितलं, टीचरकडे बघितलं, गप्प. प्रिन्सिपल मॅडम पॅसेजमध्ये टीचरना म्हणाल्या, “शेवटच्या शनिवारच्या आधी ट्रेनिंगवाली वर्ग बघायला येणार आहे. ते होऊ दे. ख्रिसमसच्या सुट्टीआधी हिचा दाखला तयार करा. आईला बोलावून घ्या.” मी स्टुलावरच होते. माझ्यासमोर बोलताना त्या कधी आवाज खाली करत नसत. बादलीसमोर कोण आवाज खाली करतं?

वर्ग बघायला ट्रेनिंगवाल्या मॅडम आल्या तो गुरुवार होता. पोरीच्या आईलाही त्याच दिवशी बोलावलं होतं. ती ऑफिसच्या बाकावर टोपली पायाशी घेऊन बसली होती, कागदावर अंगठा द्यायला आल्यासारखी. पहिलीत भिंतीला नवी कार्डं लावली होती. ट्रेनिंगवाल्या मॅडम मागे खुर्चीवर, प्रिन्सिपल मॅडम त्यांच्या बाजूला. टीचरनी धडा घेतला, मुलांनी कार्डं म्हणून दाखवली. मग टीचर इंग्रजीत आणि मग पुन्हा हिंदीत म्हणाल्या, “मॅडम, आधी ह्या वर्गात रोज प्रॉब्लेम व्हायचा, मुलं बेंचवरच करायची. आता एक महिना झाला, एकदाही नाही. सगळं तुमच्या साइन्समुळे.” आणि पोरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ही तर सगळ्यात वीक. हिचंसुद्धा थांबलं.”

मला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. कार्डं आली डिसेंबरात, फरशी कोरडी आहे नोव्हेंबरपासून. एवढा हिशोब टीचरना जमायला हरकत नव्हती.

ट्रेनिंगवाल्या मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, “बेटा, दिखाओ तो. टॉयलेट जाना है तो कैसे बताती हो?”

पोरगी उभी राहिली. प्रिन्सिपल मॅडमनी मुठीच्या कार्डाकडे डोळे केले. टीचरनी हळूच मूठ हलवून दाखवली. पोरीने त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि मग वळून, शटरच्या बाहेर स्टुलावर बसलेल्या माझ्याकडे तोंड करून, करंगळी वर केली. चांगली डोक्याच्या वर. पाठोपाठ वर्गात आणखी पाच-सहा करंगळ्या वर आल्या.

“हे काय?” प्रिन्सिपल मॅडम उठल्याच. “हे कुणी शिकवलं?”

“ही कुणाला दाखवतेय?” ट्रेनिंगवाल्या मॅडमनी हिंदीत विचारलं. आणि सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या.

मी उठले. हातात पोछा होता, तो कुठे ठेवावा कळेना. मला आधीच्या वर्षीच्या मुलीचे बूट दिसले. मी म्हणाले, “मी. मीच शिकवलं.”

“का?”

“फरशी ओली होत होती म्हणून.”

कुणीतरी हसलं. मी विनोद केला नव्हता. प्रिन्सिपल मॅडम ट्रेनिंगवाल्या मॅडमना इंग्रजीत भरभर काही सांगायला लागल्या. त्यात ‘इल्लिटरेट’ हा शब्द मला कळला. मी चौथी पास आहे. तो शब्द माझा नाही, उगीच माझ्या अंगावर टाकलेला.

ह्या सगळ्यात पोरगी करंगळी वर धरून उभी होती आणि तिचे पाय हलत होते. मग हलायचे थांबले.

मी म्हणाले, “आधी तिला जाऊ द्या.” मोठ्याने म्हणाले असेन, कारण सगळ्या दचकून वळल्या. मी आत गेले, तिचा हात धरला आणि घेऊन गेले. मुळात ती खरोखर सांगत होती. तीन शिकलेल्या बायकांसमोर एक पोर सांगतेय की मला लागलीय, आणि त्या चर्चा करतायत की तिने बरोबर बोट वापरलं का!

नळावर मी तिला म्हटलं, “आता त्या मॅडम तुला काम सांगतील. करशील?”

“इंग्लिशमदी?”

“हो.”

“करीन. बोलाचा न्हाय ना?”

“न्हाय,” मी म्हटलं.

परत आलो तेव्हा ट्रेनिंगवाल्या मॅडमनी मला विचारलं, ही तुमच्याशी बोलते का? मी म्हटलं, “माझ्याशी घरचं बोलते. पोछ्याशी इंग्रजी बोलते.” त्या पोरीकडे वळल्या. मी म्हटलं, “मॅडम, तिला काही विचारू नका. काम सांगा. तुम्हीच म्हणालात ना त्या शनिवारी.”

बाईंना ते लागलं. त्या पोरीसमोर वाकल्या, हात पाठीमागे बांधले, डोळ्यांनीसुद्धा काही दाखवलं नाही आणि सावकाश इंग्रजीत म्हणाल्या की टीचरच्या खुर्चीखालचा लाल डबा आण, त्यातून दोन पेन्सिली काढ, एक मला दे आणि एक खिडकीपाशी बसलेल्या मुलीला दे. पोरगी गेली, डबा आणला, पेन्सिली काढल्या, एक त्यांना दिली, एक खिडकीपाशी दिली. मग कुणी न सांगता डब्याचं झाकण लावलं आणि डबा परत खुर्चीखाली ठेवला.

ट्रेनिंगवाल्या मॅडम टीचरकडे वळल्या. “दुसरा शनिवार. तुमच्या वहीत आहे ना?”

टीचरनी वही उघडली. होतं. खाली दोन रेघा होत्या, लाल आणि हिरवी.

प्रिन्सिपल मॅडम लगेच म्हणाल्या, “हां, हां, हिला तर आम्ही ठेवणारच होतो. व्हेरी इंटेलिजंट गर्ल.” बाहेर बाकावर तिची आई बसली होती. तिला आत बोलावून सांगितलं की मुलगी छान चाललीय, सहज भेटायला बोलावलं होतं. तयार केलेला दाखला टेबलावर होता, तो त्यांनी फाईलखाली सरकवला. आई बाहेर येऊन मला म्हणाली, “सहज बोलावला? माजा आर्धा बाजार गेला ना सहजमदी!”

ट्रेनिंगवाल्या मॅडमना करंगळीचं फार अप्रूप वाटलं. म्हणाल्या, ह्याचंही कार्ड करूया, हे तर मुलांचं स्वतःचं आहे. पिशवीतून कॅमेरा काढला आणि मला हात वर करायला सांगितलं. मी केला. प्रिन्सिपल मॅडमनी माझ्या हाताकडे पाहिलं. फिनाईल आणि ॲसिडने बोटांना चिरा पडल्या होत्या. म्हणाल्या, “फोटोत चांगलं नाही दिसणार.” मग पहिलीच्या टीचरची करंगळी काढली, मरून रंगाचं नेलपॉलिश लावलेली. तेच कार्ड नाताळनंतर सगळ्या वर्गांत लागलं. जूनपासून ज्या बोटाला बंदी होती ते आता चकचकीत प्लास्टिकमध्ये भिंतीवर होतं, आणि टीचर पालकांच्या मीटिंगमध्ये सांगायच्या की हे आम्ही डेव्हलप केलं. माझं स्टूल गेटपाशी हलवलं. कारण विचारलं नाही. तिथे ऊन यायचं, पण तिथून येणारी-जाणारी पोरं दिसायची.

पोरगी फेब्रुवारीत बोलायला लागली. कुणी काही केलं नाही, तिचं साठवून झालं होतं. एकदा सुरू झाली ती थांबेचना.

एप्रिलमध्ये निकाल लागला. तिची आई टोपली घेऊन गेटपाशी आली आणि प्रगतिपुस्तक माझ्यासमोर उघडलं. “बाय, पास हाय असा सांगलाय, पन ह्या खाली काय लिवलाय बघ ना. लाल शाई हाय.” मला इंग्रजी वाचता येत नाही, अक्षरं तेवढी ओळखू येतात. मी पोरीकडे बोट केलं. तिने पुस्तक हातात घेतलं आणि टीचरच्या त्याच चिरक्या आवाजात वाचलं, “टॉक्स टू मच इन क्लास. मस्ट लर्न टू कीप क्वाएट.”

“म्हंजे?”

“मी जास्ती बोलते. गप ऱ्हायला शिकाचा हाय.”

आईचा चेहरा उतरला. “आता ह्याच्यासाटी काढतील काय गो तिला?”

“नाही,” मी म्हटलं. “आता नाही काढत.”

आईने टोपलीतून दोन बोंबील काढून माझ्या पिशवीत कोंबले आणि पोरीचं मनगट धरून रिक्षाकडे गेली. पोरगी रिक्षावाल्याला आधीपासूनच काहीतरी सांगत होती.